अप्पांचं जड रिव्हॉल्व्हर

अप्पा गेले आणि त्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झालं. भाऊ परदेशात, अम्माला ते घरात नको; परवान्यासाठी अर्ज मीच केला. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं ते तळहातावर तोलून पाहिलं. "एवढं जड! तुम्ही चालवणार, मॅडम?"

मी हो म्हटलं. का, ते मलाही कळलं नाही.

अप्पा निलगिरीत चहाच्या मळ्यावर मॅनेजर होते. मी आठ वर्षांची असताना आमचा कुत्रा एका कामगार बाईला चावला. तो पिसाळलाय, असं सगळे म्हणू लागले. अप्पा रिव्हॉल्व्हर घेऊन निघाले. तो शेपूट हलवत त्यांच्या मागोमाग गेला. "कण्णू, कान झाकून घे," अप्पा मला लाडानं म्हणाले. मी झाकले नाहीत. दोन बार ऐकू आले. मध्ये बराच वेळ गेला होता. अप्पा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी मी ते घेऊन शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले. जुन्या डबीत मोजक्याच गोळ्या उरल्या होत्या. पहिली उडालीच नाही, नुसता खट्ट आवाज आला. "हलू नका, नळी समोरच," प्रशिक्षक ओरडले. दुसरीला हात खांद्यापर्यंत उसळला, मनगट बधिर झालं. कानात शिट्टी वाजत होती आणि तिच्या आत मळ्यावरची ती शांतता. पुढची गोळी माझ्यानं मारवेना.

शहरात, एग्मोरच्या घरी परतल्यावर अम्माला विचारलं, "तेव्हा दोन बार का झाले?"

ती शेंगा निवडत होती.

"पहिला हवेत मारला. तो पळून जाईल म्हणून. पण तो घाबरून त्यांच्याच पायाशी येऊन बसला."

"खरंच पिसाळला होता का?"

"काय माहीत," ती म्हणाली. "दहा दिवस बांधून ठेवू, पिसाळलाय की नाही ते कळेल, असं मी म्हणत होते."

यंदा आयुधपूजेला अम्मानं सुरी, कात्री, माझा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं. मी कपाटाकडे पाहिलं. "ते काढू?"

"राहू दे." आरती झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "कुणी विकत घेणार नाही का गं?"

चौकशी करते, असं मी म्हटलं. अजून केलेली नाही.