नावानं हाक

सुरूच्या सावलीत आडवी पडून मी लाटा ऐकत होते. त्या लांबलचक किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि शहाळी विकणाऱ्या एक आजी, एवढेच. नवरा पाण्यात बराच आत गेलेला दिसला, तशी मी उठून ओरडले, "सुहास!"

आजींचा कोयता थांबला. "दर्यावर नावान हाक मारुची नाय गो बाय. दर्याक नाव कळता."

मला हसू आलं. आईनं जन्मभर बाबांना 'अहो'च म्हटलं, त्यालाही मी अशीच हसायचे. जपायच्या माणसाचं नाव कुणापासून तरी लपवावं लागत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

उन्हं उतरल्यावर आम्ही चपला हातात घेऊन निघालो. आजी केव्हाच गेल्या होत्या. वाराही पडला होता. माझ्या शेजारून चालणारा सुहास एकाएकी थांबला, पाण्याकडे वळला आणि म्हणाला, "आलो, आलो!"

"कुणाला सांगतोयस?"

"तूच नाही का हाक मारलीस, तिकडून?"

मी त्याचं मनगट घट्ट धरलं. ओठांवर आलेलं नाव तसंच गिळलं.

"अहो," मी म्हटलं, "चला घरी."