दोन वेळू

"चहाला आलोय."

दारात उभं राहिल्यावर मामांचं पहिलं वाक्य हेच असायचं. राम राम त्यानंतर. कारण हे वाक्य बोलायला थोडा जरी उशीर झाला तरी घरातल्यांचे चेहरे उतरायचे. मामा गावातल्या तिरड्या बांधत. ते दारात दिसले की घरातली बाई आधी आजाऱ्याच्या खाटेकडे बघायची आणि मग त्यांच्याकडे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याला कोणी नेमलेलं नसतं, तो कोणाकडून काही घेत नाही, आणि तो नसला तर काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. आमचं गाव आष्टी तालुक्यात, कड्यापासून नऊ किलोमीटर आत. उंबरे तीनशेच्या आसपास. माझ्या आठवणीत तिरडी बांधणारा माणूस एकच. माझ्या नात्यात ते नव्हते, पण सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. बारा मेंढरं आणि एक म्हैस, एवढा त्यांचा संसार.

आमच्या गल्लीत एक ऐंशी पार केलेल्या आत्याबाई होत्या. मामा समोरून जाऊ लागले की त्या ओट्यावरून ओरडायच्या, "माझ्याकडं बघू नकोस रं! माप घेतोस व्हय?"

"उभ्या माणसाचं माप घेत न्हाई मी, आत्या."

"मग बसते की!"

"बसलेल्याचं तर लईच चुकतं."

दोघंही हसायची. पुढे आत्याबाई गेल्या तेव्हा मामांनी खरोखर माप घेतलं नाही. नुसतं एकदा बघितलं आणि वेळू तोडायला निघाले.

माझी आणि त्यांची रोजची गाठ दुधामुळे. गावातलं दूध संकलन केंद्र मी चालवतो. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी सहा ते आठ. फॅट काढायच्या यंत्रावर आकडा आला की दहातले आठ जण भांडतात. मामा आकड्याकडे कधी बघत नसत. एकदा त्यांच्या दुधात लॅक्टोमीटर बावीसवर थांबला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "पाणी हाय त्यात. पाव्हणं आलते, दूध कमी पडलं, सुनबाईनं घातलं. वतून द्या."

"मामा, घरी न्या. चहाला व्हईल."

"न्हाई. घरी न्हेलं तर उद्या बी घालील."

चार लिटर दूध त्यांनी स्वतःच्या हाताने गटारीत ओतलं आणि रिकामी किटली घेऊन गेले.

तिरडी बांधताना मात्र ते वेगळेच दिसत. दोन लांब वेळू, सात आडव्या कामट्या, प्रत्येक कामटीला दोन्हीकडून एक, अशा चौदा गाठी. प्रत्येक गाठ ते मोठ्याने मोजत. "एक बांधली. दोन बांधली." मग ती दोनदा ओढून बघत. रडारडीत ते मोजणं विचित्र वाटायचं. म्हातारपणाची खोड आहे, असं मी समजत होतो.

वेळूचं बेट गावात एकच, आमच्या रानात ओढ्याकाठी. तिरडीसाठी वेळू मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा माझ्या वडिलांचा नियम. त्यामुळे न विचारता तोडला तरी चालत होतं. तरी मामा दर वेळी विचारायला येत. मी एकदा म्हणालो, "कशाला हेलपाटा घालता?" तर म्हणाले, "इच्यारल्याबिगर तोडला तर त्यो चोरीचा. चोरीच्या वेळूवर माणूस कसा न्ह्यायचा?"

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो तो भाग.

माझा एक चुलतभाऊ होता. आमच्या रानातून डांबरी रस्त्यावर यायला त्याच्या रानातून वाट होती, आजोबांच्या वेळेपासूनची. तीनशे चाळीस पावलं. त्याने ती बंद केली. पाच फूट रुंद, चार फूट खोल चारी खणली आणि पलीकडे बाभळीच्या काटेरी फांद्या, म्हणजे काट्या, रचल्या. तहसीलला आम्ही अर्ज केला, तारखा पडत राहिल्या. दुसरी वाट ओढ्याच्या काठाने, पांदीच्या अरुंद वाटेतून, शाळेला वळसा घालून. दोन हजार नऊशे पावलं.

त्याच वर्षी वडिलांच्या छातीत विहिरीजवळ कळ आली. आम्ही चौघांनी त्यांना बाजेवर घातलं आणि चारीपर्यंत धावलो. पलीकडे रस्त्यावर जीप उभी होती, आम्हाला दिसत होती. चुलती, म्हणजे त्या भावाची आई, एकटी दोन्ही हातांनी काट्या ओढत होती. तिचे हात रक्ताने भरले, पण चारी कशी बुजणार? आम्ही फिरून गेलो. एक्केचाळीस मिनिटं लागली. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

भाऊ त्या दिवशी घरी नव्हता. हे सांगायला हवं, म्हणून सांगतो. पण काट्या त्याच्याच होत्या. पुढे मी घड्याळ लावून लांबची वाट तीनदा चाललो, आणि आमच्याच रानात तीनशे चाळीस पावलं मोजून तीही तीनदा. सरळ वाटेने बाज घेऊन सात मिनिटं पुरली असती. त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही आणि त्याच्या दारात गेलो नाही. चुलतीच्या हातची भाकरी मी सातवीपर्यंत खाल्ली होती, पण तिच्याकडेही गेलो नाही.

मग एका सकाळी सव्वासातला, दूध घेत असतानाच बातमी आली. भाऊ नगरच्या दवाखान्यात होता, काविळीने गेला. गावाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. मी स्टेटस ठेवलं, "देव आहे." एवढंच. तासाभरात सदतीस जणांनी पाहिलं.

केंद्र बंद करून मी मोटारसायकल काढली आणि कड्याला जाऊन दोन किलो पेढे आणले. दुकानदाराने विचारलं, "कशाचे पेढे?" मी म्हणालो, "असेच." संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्या एकसष्ट जणांच्या हातावर एकेक ठेवायचा, असं ठरवलं होतं.

घरी आलो तर बायकोने देवपूजा बंद ठेवली होती. भावकीचं सुतक भांडण बघत नाही. अकरा वर्षं तोंड बघितलं नसलं तरी दहा दिवस पाळावेच लागतात. माझ्या हातातला बॉक्स बघून ती म्हणाली, "हे काय आणलंय?" मी बॉक्स खाटेवर ठेवला.

अकराच्या सुमाराला मामा दारात आले. त्या दिवशी ते "चहाला आलोय" म्हणाले नाहीत.

"दोन वेळू पायजेत, भाऊ."

"न्हाई."

ते तसेच उभे राहिले. "दोनला आणत्यात त्याला."

"आणू द्या. कड्याहून आणा वेळू, न्हाईतर आष्टीहून. म्हणावं फिरून जा. आमी गेलतो तसं."

मामांची नजर बॉक्सवर गेली. "पेढं हायेत?"

"हायेत. संध्याकाळी सगळ्यांना देणार हाय."

ते आत येऊन बसले. बायकोला म्हणाले, "ताई, चहा ठेव." मग माझ्याकडे वळले. "लेकरं इच्यारत्यात, भाऊ. पेढा हातावर पडला की पयलं इच्यारत्यात, कशाचा? त्येंच्या आया काय सांगतील?"

"खरं सांगतील. माझा बाप मारला त्यानं. मला आनंद व्हतोय मामा, खोटं कशाला बोलू?"

"व्हऊ द्या की. मी कुठं रडा म्हणतोय? रडायला त्याची माणसं हायेत." मग बॉक्सकडे बघत म्हणाले, "गावात गोड दिलं की म्हातारीच्या घरी बी एक जातो. चुलतीचा पेढा कोण न्हेऊन देणार, तेवढं सांगा."

चहा आला. बशीत ओतून त्यांनी तो निवू दिला आणि एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्याच शब्दांत देतो.

"मी तिशीत व्हतो. शेजारच्या वस्तीवरच्या एकानं माझी मेंढरं मारली. चौदा. पाण्यात औषध घातलं. साबित झालं न्हाई, पर मला ठावं व्हतं. दोन सालानं त्यो मेला. मीच बांधायला गेलो. तोंडात पान, पोरासोरांसंगं हसतोय, म्हणलं, आज ढिली बसली तरी चालंल रं! आन बसली. एक गाठ. ओढ्याच्या उतारावर कामटी सुटली आन त्याचा पाय बाहीर लोंबला. त्याची पोरगी, आसंल नऊ-धा वर्साची, माळवदावर उभी. तिनं बघितलं."

"मग?"

"मग काय. पुन्ना बांधली, न्हेलं. लई वर्सांनी नारायणगडाला जत्रंत एक बाई पाया पडली. कडंवर लेकरू. म्हणली, वळखलं का काका? माझ्या बापाचं शेवटचं तुमी केलं. तुमचं उपकार हायेत." मामांनी बशी खाली ठेवली. "तिनं शिवी दिली आसती तर फिटलं आसतं, भाऊ. तिनं उपकार म्हणलं."

चौदा गाठी मोठ्याने का मोजल्या जातात ते मला त्या दिवशी कळलं.

मी फोन काढला आणि स्टेटस पुसलं. सदतीस जणांनी पाहिलं ते परत घेता येत नाही, ते माझ्या नावावर राहील. बॉक्स बायकोच्या हातात दिला. चौथ्या दिवशी पेढे आंबले आणि तिने ते उकिरड्यात पुरले. आयुष्यभर दुधाचा धंदा केलेल्या माणसाला खवा वाया गेलेला बघवत नाही. तेवढा एकदाच बघवला.

मामांनी ही गोष्ट कुठेच काढली नाही. दुसऱ्या दिवशी किटली घेऊन आले, आकड्याकडे न बघता निघून गेले. पुढे थकले तेव्हा लेकीकडे, परळीच्या बाजूला राहायला गेले. तिकडेच वारले. मला तिसऱ्या दिवशी कळलं, खांदा द्यायलासुद्धा जाता आलं नाही. चुलतभावाला मी माफ केलं असं मला आजही म्हणता येत नाही. तो मेल्याचं दुःख मला त्या दिवशी नव्हतं, आजही नाही. पण एकसष्ट घरांतली लेकरं माझ्या तोंडाकडे बघून "कशाचा पेढा?" विचारत नाहीत, आणि त्या म्हातारीच्या दारापुढून जाताना मला मान खाली घालावी लागत नाही. एवढं मी मामांचं देणं लागतो, आणि ते फिटणार नाही.

त्या दुपारी आम्ही दोघं रानात गेलो. मामांनी कोयता माझ्या हातात दिला. "तुमीच तोडा." मी दोन वेळू तोडले, सरळ बघून. एकेक टोक माझ्या खांद्यावर, एकेक टोक त्यांच्या. मी पुढे, ते मागे.

समोर चारी होती. पलीकडे भावाची वस्ती, दारात जमलेली माणसं दिसत होती. काट्या अकरा वर्षांत कुजून बसल्या होत्या. वेळू पलीकडे टाकून, चारीत उतरून जाता आलं असतं. अडवणारा तर आता नव्हता.

"कुठून, भाऊ?" मामांनी विचारलं.

"फिरून," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्याने आयुष्यभर दिली नाही ती वाट त्याच्या मरणाच्या दिवशी फुकट घ्यायची नव्हती, एवढं खरं.

मामा त्या वेळी सत्तरीच्या पुढे. "चला," एवढंच म्हणाले.

ओढ्याच्या काठाने निघालो. वेळू खांद्यावर असला की मागच्याचं पाऊल आपल्याला कळतं, तो अडखळला तर आपल्या खांद्याला हिसका बसतो. पांदीत शिरल्यावर ते म्हणाले, "थांबा, दम लागला." वेळू खाली ठेवले. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि विचारलं, "वडलांना न्हेलं तवा इथं थांबलता का?"

हे मला अकरा वर्षांत कोणीही विचारलं नव्हतं. न थांबता मी सगळं सांगितलं. इथे थांबलो होतो. इथे त्यांनी पाणी मागितलं. पुढच्या लिंबाजवळ डाव्या बाजूच्याने खांदा बदलला. शाळेजवळ ते म्हणाले, "हळू चला रं, घाई कशाची?" मामा नुसते "हं" म्हणत होते. नंतर वेळू उचलून चालू लागलो तरी मी पुढे बघून बोलतच होतो आणि मागून "हं" येत होतं.

वस्तीवर पोचलो तेव्हा माणसं बाजूला झाली. चुलती ओट्यावर बसली होती. तिला एव्हाना नीट दिसेनासं झालं होतं. वेळू जमिनीवर पडल्याचा आवाज आला तशी तिने मान वर केली.

"कुणी आणलं रं वेळू?"

मामांनी कमरेची सुतळी सोडली, खाली बसले, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "घरच्यानंच आणलं, वैनी."

चुलती ओट्यावर थोडी सरकली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.