जनीचं दुपटं

राही सावर्ड्याजवळच्या एका वाडीत राहायची. नवरा महिपत मुंबईला गिरणीत होता. १९२८च्या थंडीत तिच्या हौसाला खरूज झाली. बोटांच्या बेचक्यांत फोड आले आणि पोर सारखी खाजवू लागली.

बाजारातल्या डॉक्टरांनी गंधकाचं औषध दिलं. "मानेखाली सगळ्या अंगाला लाव. डोळ्यांना, तोंडाला लागू देऊ नकोस. घरातल्या सगळ्यांनी एकदमच लावायचं आणि कपडे, अंथरूण उकळायचं," त्यांनी बजावलं.

औषध लावलं, कपडे उकळले, तरी खरूज परतली. राहीने मनानेच औषध वाढवलं आणि हौसाचं अंग भाजल्यासारखं लाल झालं. ती घाबरून पुन्हा दवाखान्यात गेली.

"जास्त लावून कातडी सोलवटेल, खरूज जायची नाही," डॉक्टर म्हणाले. "उकळायचं काही राहिलंय का गो?"

राही खाली बघत म्हणाली, "धाकट्या जनीचं दुपटं. पावसात तापानं गेली ती. अजून तिचा वास येतो त्येला. आमी मायलेकी तेच घेऊन निजताव."

 "तेही उकळावं लागेल, बाई," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन राही दुपटं नाकाशी धरून बराच वेळ चुलीपुढे बसली. मग तिने ते उकळत्या पाण्यात सोडलं. हौसाची कातडी निवल्यावर तिने सांगितलं तेवढंच औषध पुन्हा लावलं आणि खरूज गेली.

शिमग्याला महिपत आला. जनी गेली तेव्हा त्याला येता आलं नव्हतं. "तिचं काय ठेवलंयस?" त्याने विचारलं. राहीने दुपटं दिलं. त्याने ते हुंगलं, उलटून पुन्हा हुंगलं आणि राहीच्या मांडीवर ठेवलं.