देवाच्या बाजूची साक्ष

आधी ओल्या खसाचा वास येतो, मग पंख्याची घरघर. नागपुरात उन्हाळा घरात शिरतो तो असा. नवरा हिवाळ्यात गेला. चैत्र सरता सरता कूलरच्या जाळ्यांत नवा खस सासूबाईंनी आणि मी मिळून भरला. आजवर ते काम त्याचं होतं. पाणी सोडलं, बटण दाबलं, आणि तो गार, मातकट, किंचित गोड वास खोलीभर पसरला. मी थांबून राहिले. वास आला, त्याच्यामागून जे यायला हवं होतं, ते आलं नाही.

मी कविता शिकवते. वास, रंग, स्पर्श यांच्या आधारानं माणूस आत कसा उतरतो, हे वर्गात पुष्कळदा समजावून सांगितलं आहे. त्या दिवसांत भाजी चिरताना बोट कापलं, रक्त ओट्यावर सांडलं, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की रंग छान आहे. रडू दफनभूमीतही आलं नव्हतं. चर्चच्या दाराशी कोणी ‘कशा आहात?’ म्हणून विचारलं की मी ‘प्रभूच्या कृपेनं बरी आहे’ म्हणे. आमच्यात हे उत्तर सवयीनंच ओठांवर येतं. त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी एकदा घरी आल्या. बुधवारची स्त्रियांची प्रार्थनासभा या खेपेला सक्करदऱ्यात आमच्या घरी घ्यावी, आणि मी साक्ष द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघींत उभं राहून सांगणं.

“शब्द तर तुमच्या हातचे,” त्या म्हणाल्या. “दुःखात त्यानं तुम्हाला कसं सावरलं, तेवढं सांगा. आईंना केवढा आधार होईल!”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या म्हणत, “माह्या लेकाले प्रभूनं नेलं, आता थोच आमाले पाहीन.” विश्वास असावा तर असा, असं बायका आपसात बोलत. त्या वाक्याच्या बळावरच त्या सकाळी उठतात आणि चहाचं आधण ठेवतात, असं मला वाटे. ते बळ माझ्या बोलण्यानं ढळलं तर त्या कशावर उभ्या राहतील?

म्हणून मी वाक्य जुळवलं. कणीक मळता मळता ते सहज जुळलं: त्याची खुर्ची रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या जागी प्रभू येऊन बसला. लय चोख होती. ‘रिकामी’ दोनदा येत होतं, तेही कानाला गोड लागत होतं. मान वर करून पाहिलं, तर खुर्चीवर इस्त्रीचे कपडे पडले होते.

खोट्या साक्षीविषयीची आज्ञा मी लहानपणी रविवारच्या शाळेत घोकली होती. खोटी साक्ष कोणाच्या तरी विरुद्ध असते, अशी माझी समजूत. ती देवाच्या बाजूनंही देता येते, हे त्या दुपारी पिठाच्या हातांनी उभी असताना ध्यानात आलं. भीती मात्र वाटली नाही. तीही नाही.

बुधवारी सासूबाई म्हणाल्या, “नीट बोलजो वं. साऱ्या ऐकाले येऊन राहिल्या.”

दुपारी बैठक भरली. सतरंजीवर बायका दाटीनं बसल्या.

“बंद कर ना वं तो कूलर, प्रार्थनेच्या वरताण आवाज करून राहिला!”

“बंद केला त घामानंच बाप्तिस्मा होईन साऱ्यांचा.”

“तुले त दुसऱ्यांदा पाहिजेच हाय!”

हसू उसळलं, पदरांआड विरलं. पाळकीणबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उठले. ते वाक्य तयार होतं, जिभेच्या अगदी टोकाशी. ते बोलून खाली बसले असते तर ‘आमेन’ झालं असतं आणि सरबत फिरलं असतं. शेजारी सासूबाई डोक्यावरचा पदर नीट करून, माझ्याकडे तोंड वर करून बसल्या होत्या.

“मला सांत्वन मिळालेलं नाही,” मी म्हणाले. आवाज कोरडा होता, हजेरी घेताना असतो तसा. “मी रोज प्रार्थना करते. पलीकडून काही येत नाही. खोटं सांगायचं नाही, म्हणून एवढंच सांगते. मला काहीच वाटत नाही.”

कोणीतरी दबक्या स्वरात “अगं बाई” म्हणालं. पाळकीणबाईंनी घाईनं गीतांचं पुस्तक उघडलं. पानं उलटत राहिली, गीत सापडेना. मी खाली बसले. सासूबाईंकडे पाहायचं धाडस मला झालं नाही.

त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. थंड, सुरकुतलेला, चिंचेनं भांडी घासल्याचा आंबूस वास असलेला. माझ्याकडे न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

“मलेबी.”