ठरवायला शिकलेल्या बाई

"तुम्ही सांगा, मी ऐकते. ठरवायला मात्र मी शिकलेली नाही."

नौपाड्यातल्या आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाई प्रत्येकाला आधी हे ऐकवत. मी तिथला कंपाउंडर. शिक्षण बेताचं, पण खिडकीशी बाटली धरून उभ्या असलेल्या माणसाला मी रोगाचं नाव बेधडक सांगून मोकळा होत असे. आणि मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या या बाई तोंडातून एक शब्द काढतील तर शपथ! मला त्यांचा राग यायचा. तुम्हालाही आला असता.

मनाच्या दुखणाईतांची हकीकत त्यांनी ऐकून लिहून काढायची आणि निदान वेड्यांच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी करायचं, अशी कामाची वाटणी होती.

बाई एकट्या राहत. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नसे. त्या ज्या घरात शिरतील तिथं कुणीतरी वेडं आहे असा बोभाटा व्हायचा, मग त्या घरच्या मुलींची लग्नं कशी जमणार? हे ओळखून बाई रस्त्यात कुणाला ओळखच दाखवत नसत. भाजीवाल्यापाशी मी एकदा हाक मारली, तर म्हणाल्या, "अहो, चारचौघांत कशाला बोलता? उद्या लोक तुमच्या बायकोला विचारतील, यजमान बरे आहेत ना म्हणून." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

एकदा एक सासू आपल्या तरण्या सुनेला घेऊन आली. सून धड जेवत नव्हती, बोलत नव्हती.

"वेडी आहे एवढं तुम्ही म्हणा, की आम्ही हिला माहेरी धाडायला मोकळे."

"एवढं म्हणायला मी शिकलेली नाही."

"मग एम.ए. कशाला झालात हो?"

बाईंनी चपला घातल्या आणि दोघींना टांग्यात घालून इस्पितळात नेलं. तान्हं मूल गेल्याचा धक्का आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं. सून पुढे सावरली, नांदलीसुद्धा.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" मी बाईंना विचारलं.

"दिसत होतं. पण दिसणं आणि ठरवणं यात दोन वर्षांचा अभ्यास असतो." मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीला एका वैद्याने नुसतं बघून वेडी ठरवलं. तिला खोलीत कोंडलं. पुन्हा कुणी तपासलंच नाही. त्या खोलीतच गेली ती."

माझा राग तिथेच ओसरला. खिडकीतली निदानंही बरीच कमी झाली.

पुढे बंगळूरला असं निदान शिकवणारा अभ्यासक्रम सुरू झाला आणि बाईंची निवड झाली. कल्याणला मद्रासच्या गाडीत बसवून द्यायला मी एकटाच होतो. "परत आले की ठरवीनसुद्धा," त्या म्हणाल्या, आणि मोकळेपणी हसल्या. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या शिकून आल्या. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी कौतुकाने पाटी रंगवून घेतली: इथे मनोविकारांचे निदान होईल. आणि खोली ओस पडली.

लोक मागच्या दाराने का होईना येत होते, ते या बाईंपाशी मन मोकळं केलं तरी वेडेपणाचा शिक्का बसत नाही म्हणून. आता त्यांना शिक्का मारता येत होता. बाई वेळेवर येत, दोन खुर्च्या समोरासमोर मांडत आणि बसून राहत. मला ते बघवत नसे.

एकदा चहा नेऊन दिला आणि विचारलं, "उगाच शिकले असं वाटतं का हो?"

"छे! बहिणीसाठी शिकायलाच हवं होतं. फक्त वाटलं होतं, लोक येतील."

वर्षाच्या आत त्या लांबच्या एका इस्पितळात नोकरीवर गेल्या. पुन्हा काही आल्या नाहीत.

त्यानंतर एका दुपारी कोलशेतची एक म्हातारी मागच्या दाराशी आली. "ती बाय हाय का रं? पोराचं जरा सांगाचं व्हतं. ती नुसती आयकते, असं आमच्या गावात सांगतान."

"बाई गेल्या, आजी. आता इथे कुणी बसत नाही."

"मंग मी कोनाला सांगू?"

मी मोठ्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर तिने नको म्हणून मान हलवली. उन्हातून चालत आलेली. खोलीत जाऊन खुर्चीवर टेकली. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा ती पदर सावरून, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, हळू आवाजात बोलायला लागली होती.