तलंगांची दांडी

लढाईच्या दिवसांत मी विंझरला सासरी आले. रॉकेल मिळत नसे, म्हणून दिवेलागणीलाच गाव अंधुक होऊन जाई. त्या अंधुक उजेडात शेजारची म्हातारी खुराड्यापाशी वाकलेली दिसे. कोवळ्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर निजायच्या. त्यांना वर बसून निजायची सवय लागावी म्हणून तिनं जांभळीची दांडी आडवी बसवली होती, जमिनीपासून वीतभरच वर. "व्हय बाई, व्हय," म्हणत ती एकेकीला उचलून दांडीवर ठेवी आणि पाठीवर तळवा ठेवून थांबे. पंजे दांडीभोवती मिटले की हळूहळू डोळेही मिटत. एखादी खाली उडी मारी. म्हातारी न रागावता पुन्हा उचले. बघता बघता मलाच पेंग येई.

एका सांजेला मी गुपचूप माहेरची वाट धरली. पाणंदीत म्हातारीनं गाठलं. वाटलं, आता सासूला हाक मारणार. पण "व्हय बाई, व्हय," म्हणत तिनं मला माघारी आणलं, ओट्यावर बसवलं आणि पाठीवर तळवा ठेवला.

"मी काय तलंग हाय व्हय?" मी फणकारले.

"न्हाई गं. तलंगा लवकर शिकत्यात," ती म्हणाली. "मला लई वरसं लागली."