आईला ‘फाईट’चा अर्थ सांगताना

मेडशीच्या स्टँडवर आईसोबत अकोल्याच्या एसटीची वाट पाहतेय. जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हा मंडळींना लिहितेय.

माझा मोठा भाऊ चार दिवसांपासून डेंग्यूने अकोल्याच्या दवाखान्यात आहे. काल त्याला आयसीयूत हलवलं. आईला मात्र आम्ही "साधा ताप आहे" एवढंच सांगितलं होतं.

आज दुपारी वहिनीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारीच तूर निवडत होती.

"ताई, डॉक्टर म्हनते, ते चांगली फाईट देऊन राह्यले," वहिनी म्हणाली आणि फोन कट झाला.

आईने सूप खाली ठेवलं. "फाईट? दवाखान्यात कोनासंग भांडून राह्यला तो?"

आईला फाईट म्हणजे मारामारी एवढंच माहीत. वर म्हणते कशी, "त्याले म्हना, सोडून दे अन् घरी ये."

मग मी सगळं सांगून टाकलं. "आई, तो मानसाशी नाही, दुखन्याशी लढून राह्यला. त्याले सोडून दे म्हनू नको."

आई रडली नाही. "मंग मले काहून नाही सांगतलं?" एवढंच बोलली आणि पायात चप्पल घातली.

एसटीचा पत्ता नाही. वहिनी फोन उचलत नाही. आई रस्त्याकडे बघत बसलीय, माझ्याशी बोलत नाही.

खरं सांगा, तुम्ही तुमच्या आईला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं का?